घरचे बैल आणि नवी चाकोरी

आबा, आज रविवार, आणि माझं बूड काही खुर्चीला टेकत नाही. चहा केला, तो ओट्यावरच निवला. कपडे वाळत घालायला गॅलरीत गेले आणि बादली तिथंच ठेवून परत आले. उद्या बैठक आहे आणि तुमच्याशी भांडल्याशिवाय मला तिथं जाता येईल असं दिसत नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी कराडला इंजिनिअरिंग शिकत होते. पुढं काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून सांगते. कॉम्प्युटरच्या पडद्यावर हलती चित्रं झरझर काढणारी चिप असते, ती बनवणाऱ्या एका कंपनीत मी पुण्याला आहे. अशा कंपन्या बऱ्याच, आणि आपला तो बाब्या या न्यायानं प्रत्येकीला स्वतःचीच चिप वेगवान वाटते. म्हणून सगळ्यांनी मिळून एक समिती केली आहे. ती सगळ्यांना एकच चाचणी लावते. पडद्यावर नदी, घाट, पूल, वर आभाळ, आणि त्यातून ठरलेल्या वाटेनं फिरणारा कॅमेरा. हा देखावा जी चिप भरभर काढेल ती पुढं. ही चाचणी सांभाळायचं काम माझ्याकडं आहे. म्हणजे बैलगाडीच्या शर्यतीत खायचं एका गाडीवाल्याचं आणि हातात झेंडा पंचाचा. तुमच्यासारखंच.

गेल्या आठवड्यात मी सहज कॅमेरा जरा बाजूला वळवला, तर आमच्या चिपवर अर्धं आभाळ काळंठिक्कर. आमच्याच लोकांनी कॅमेऱ्याची वाट पाठ करून ठेवली होती. त्या वाटेवरून जे दिसणार नाही, ते आमची चिप काढतच नव्हती. म्हणून आम्ही पहिले! साहेबांना सांगितलं, तर ते हसले. "झाकली मूठ राहू दे. पुढच्या चाचणीत बघू." कॅमेऱ्याची वाट दर वेळी चाचणीच्या दिवशीच ठरवावी, असा प्रस्ताव मी समितीच्या उद्याच्या बैठकीसाठी लिहून ठेवला आहे. पाठवायला हात होत नाही. ज्या पोरांनी या चिपपायी दिवाळीलाही घर पाहिलं नाही, त्यांची तोंडं डोळ्यांपुढं येतात. उद्या ती माझ्याशी बोलतील का?

आणि मग आपलं माळावरचं मैदान आठवतं. वडूजकडच्या, पार सांगलीकडच्याही बैलगाड्या आल्या आहेत. तुम्ही पंच. नाना, तुमचा सख्खा धाकटा भाऊ, महिनाभर रोज सकाळी आपले बैल त्याच पट्ट्यावर पळवतोय, आणि अख्ख्या गावाला ते माहीत आहे. शर्यतीच्या सकाळी तुम्ही माणसं घेऊन जाता आणि माळाच्या पलीकडच्या अंगाला नव्या चाकोऱ्या पाडून घेता. नाना धावत येतो.

"आवं दादा, घरचंच बैल पाडायचं हाय व्हय तुमास्नी?"

"बैल पळतोय का त्येला वाट पाठ हाय, ते कळू दे की गड्या."

झेंडा पडला. आपली जोडी सगळ्यांच्या पुढं होती. आणि निम्म्यात, नाना कासरा ओढत असतानाच, ती नवी चाकोरी सोडून सरळ जुन्या पट्ट्याकडं वळली. माणसं हसली. मला तुमचा असा राग आला होता म्हणून सांगू! नाना पुढं कितीतरी दिवस आपल्या उंबऱ्याला शिवला नाही.

मघाशी न राहवून नानालाच फोन लावला. आता त्याला ऐकू कमी येतं. सगळं ओरडून सांगितलं, तर म्हणाला, "तुजा बा लय आडमुठा, बाय. पन त्येच्या झेंड्याखाली लांबलांबची गाडी डोळं झाकून यायची. माजी बी." माझी बाजू घेईल म्हणून फोन केला होता, तर हा तुमचीच घेऊन बसला.

प्रस्ताव पाठवला, आबा. मग आमची चिप नव्या वाटेनं पळवून पाहिली, तर ती मागं पडली. बराच वेळ पडद्यासमोर बसून रडले.

हे पत्र कुठं पाठवणार? एवढंच सांगते, की नव्या वाटेवरही मला आमचीच चिप पुढं यायला हवी आहे. त्या दिवशी शर्यत झाल्यावर तुम्ही घरी न येता विहिरीच्या काठावर जाऊन बसला होतात. मला वाटलं, भांडण टाळताय. पण त्या सकाळी नव्या चाकोऱ्या पाडायला जाण्याआधी आपल्या बैलांच्या शिंगांना तेल तुम्हीच लावलं होतं.