पाणी राखणारी चिमूट

४ फेब्रुवारी १९५७
पिंप पुन्हा रिकामं. नळ तर सकाळीच गेला. सासूबाईंनी झाकण तेवढं आपटलं. तहान काय मी हौसेनं लावून घेते? प्यायचं आणि धावायचं, प्यायचं आणि धावायचं! हे म्हणाले, परळच्या इस्पितळात दाखवू. गुण आला नाही तर शिमग्याआधी बोटीनं माहेरी पोचवतो, तिथे विहीर आहे. लग्नाला अजून वर्षही नाही झालं.

११ फेब्रुवारी
लघवीत साखर नाही! तपासणीसाठी सकाळपासून पाणी तोडलं होतं. जीभ टाळूला चिकटली, तरी लघवी चालूच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मूत्रपिंडं ठणठणीत आहेत. मेंदूखाली वाटाण्याएवढी गाठ असते. तिचा रस – हार्मोन – रक्तातून मूत्रपिंडांना सांगतो, पाणी राखा. माझ्यात तो सुटतच नाही. म्हणून आलं पाणी की गेलं.
औषध म्हणजे भुकटी, सासूबाईंच्या तपकिरीसारखी नाकात ओढायची. गुरांच्या त्याच गाठीची! हे म्हणाले, आईला सांगू नकोस, घरात ठेवू देणार नाही.

१४ फेब्रुवारी
रात्रभर झोपले. रात्रभर!

२२ फेब्रुवारी
संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभेला गेले. घोषणा दिल्या, घसा बसला – आणि पाणी आठवलंसुद्धा नाही. किती बरं वाटलं.

१ मार्च
तहान परत आली. पिंप रिकामं. आज सासूबाईंनी झाकणही आपटलं नाही, त्याचंच जास्त लागलं.

४ मार्च
ह्यांनी बोटीचं तिकीट काढलं. मोरीत तोंड धुतलं आणि रडले.

५ मार्च
चिमूट ओढली आणि सटासट शिंका! औषधानं कधी येत नाहीत. डबी हुंगली – तंबाखू.
सासूबाईंची रीतच ती. कुणाच्या डबीतली चिमूट घेतली की आपल्या डबीतली तिथे घालायची, उधारी नको. माझी डबी फळीवर त्यांच्या डबीशेजारीच. घेतलं तेवढं परत केलं बिचारीनं!
दुपारी त्यांना एवढंच म्हटलं, ती तपकीर नव्हे, माझं औषध आहे, इस्पितळातलं. कशाचं ते सांगायला जीभ रेटेना. सांगितलं तर विटाळ आणि बोट, नाही सांगितलं तरी बोटच. त्या उठल्या, पदर घेतला, कुठे जाते न सांगता गेल्या.

६ मार्च
सकाळी उशाशी नवी डबी. सासूबाई चुलीपुढे, माझ्याकडे पाठ. "डॉक्टरणीन सांगल्यान सगळा. गुरांच्या डोक्यातला. माझ्या नाकात गेला तां गेला, आता तुझ्या जावंदे."
चुलीत तिकीट जळत होतं.