वाचनगृहाची ठेंगणी खिडकी

सोमवार, ७ मे

बाबांची खूण! वाचनगृहाच्या समुद्राकडच्या खिडकीवर, चौकटीच्या आतल्या बाजूला – तीन उभ्या खाचा आणि त्यांवरून एक आडवी. माझ्या पलंगावर आहे तशीच. आमच्या पाटावर, आईच्या पेटीवर आहे तशीच.

मी तिथे वेगळ्याच कामाला गेले होते. वाचनगृहात चटया विणायला बसणाऱ्या बायकांच्या मंडळाचा अर्ज आलाय. मागच्या दाराला लाकडी रॅम्प आणि एक कठडा हवा. म्हाताऱ्या बू लावेनियाला गुडघ्यांमुळे पायऱ्या चढता येत नाहीत. ती बाहेर आंब्याखाली एकटी चटई विणत बसते आणि आतल्या बायकांशी भिंतीतून ओरडून बोलते. लहानसं काम. जुन्या इमारतींच्या कार्यालयात रुजू झाल्यापासून मला एकटीने बघायला मिळालेला पहिलाच अर्ज.

पण संरक्षित इमारत. नवं काही मंजूर करायच्या आधी सगळी इमारत जुन्या नकाशाशी ताडून बघायची. ताडली. नकाशात ती खिडकी कमरेएवढ्या उंचीवर आहे, दोन झडपांची. प्रत्यक्षात जमिनीपासून जेमतेम वीतभर वर, आणि झडप एकच – वर उचलून काठीने टेकवायची. परवानगीचा कागद फायलीत कुठेच नाही.

तक्त्यातला ‘बदल कोणी केला’ हा रकाना मी रिकामा सोडून आले. बाकी सगळे भरले. तो सोडला.

मंगळवार, ८ मे

जेवण गेलं नाही. आईने नारळाच्या रसातला मासा केला होता, तरी नाही. ‘सरकारी नोकरीत उपास असतो का गं?’ म्हणाली. तिला ताट धड दिसत नाही, पण मी किती खाल्लं ते बरोबर कळतं.

शेवटी बाबांना विचारलं. मला वाटलं होतं, नाही म्हणतील. (मनातून तेच हवं होतं. लाज वाटते लिहायला.)

‘हो, मीच केली. वादळाच्या साली.’

‘परवानगी?’

‘कुणाची? ओसेआला विचारलं होतं.’

ओसेआ आजोबा म्हणजे वाचनगृहाचे राखणदार. तेव्हाही तेच होते.

‘पण बाबा, खाली का आणली?’

‘बायका जमिनीवर बसतात. ज्या गोऱ्या साहेबांनी बांधलं ते खुर्चीवर बसायचे. उजेड सगळा डोक्यावरून जायचा.’ आणि उठून कोंबड्यांकडे गेले.

आईला म्हटलं, तुला माहीत होतं? ‘मला काय विचारतेस, सुतार तो आहे.’

बुधवार, ९ मे

कार्यालयात माझ्या वरिष्ठांना, गाउंडर मॅडमना, सांगितलं. आधी तीनदा दारापर्यंत जाऊन परत आले. मग एका दमात सांगून टाकलं – खिडकी, खूण, बाबा, रिकामा रकाना.

मॅडमनी चष्मा काढला. ‘केलेरा, तुला रडायचं असेल तर आधी रड. मग चहा घेऊ.’

मी रडले नाही. चहा घेतला.

त्या म्हणाल्या, आता या अर्जावर सही माझी, तुझी नाही. बापाच्या कामावर लेकीची सही चालत नाही. तू फक्त जे दिसलं ते लिही. सगळं लिही. मग नियम सांगितला: जुनी चौकट जपून ठेवलेली असेल आणि परत बसवता येत असेल, तर झालेला बदल आता मंजूर करता येतो. नसेल, तर खिडकी नकाशाप्रमाणे करावी लागेल आणि जुन्या इमारतींवर काम करायच्या सुतारांच्या यादीतून बाबांचं नाव काढावं लागेल. आणि या खिडकीचा निकाल लागेपर्यंत रॅम्पही अडकला. सुव्याला, मुख्य कचेरीत, कागद शुक्रवारी जायचे आहेत.

त्या यादीत नावं चारच. बाबांना ती वाचता येत नाही, पण आपलं नाव दुसऱ्या ओळीवर आहे हे त्यांना माहीत आहे. पाहुणे आले की बोट ठेवून दाखवतात.

माझा पहिला अर्ज! आणि मी काय केलं त्याचं.

घरी विचारलं, बाबा, जुनी चौकट? ‘वाचनगृहाच्या माळ्यावर आहे. ओसेआला विचार.’ इतकं सोपं!

गुरुवार, १० मे

सोपं नाही.

सकाळी आठलाच ओसेआ आजोबांकडे गेले. ओळखपत्र गळ्यात, फाइल हातात. व्हरांड्यात बसले होते. ‘बस’ म्हणाले नाहीत. मी उभ्यानेच सांगितलं – कार्यालयाकडून आले आहे, माळा उघडून बघायचा आहे.

‘माळा बंद आहे.’

किल्ली कुठे आहे? ‘माहीत नाही.’ चौकट आहे ना वर? समुद्राकडे बघत बसले. मी दोन वेळा नियम वाचून दाखवला. दुसऱ्या वेळी ते घरात निघून गेले!

घरी येऊन बाबांना सांगितलं. म्हणाले, ‘यांगोना काय नेलास?’ (ती मुळं. कुणाकडे काही मागायला गेलं की आधी पुढे ठेवायची.)

‘बाबा, मी कामावर होते. कामावर असताना काही द्यायचं नाही, घ्यायचं नाही. लिहून दिलंय मी तसं.’

‘म्हणजे हात हलवत गेलीस. म्हाताऱ्याच्या दारात. उभ्याने!’

आई इतकी हसली की तिला ठसका लागला. ‘एवढं शिकवलं पोरीला, आणि बसायचं तेवढं शिकवायचं राहिलं!’

मला राग आला. मग लाज वाटली. ओसेआ आजोबांनी मला अंगाखांद्यावर खेळवलंय. इतर कुणाच्याही घरी मी तशी गेले नसते. गळ्यात ते ओळखपत्र होतं म्हणून गेले.

मॅडमना विचारलं, मुळांची जुडी नेली तर लाच होईल का? म्हणाल्या, ‘तू त्यांना काही मंजूर करते आहेस का? त्यांच्या दारातून आत जाते आहेस. माझी आजी तुमच्या गावात रिकाम्या हाताने गेली असती तर माझ्या आजोबांनी तिला परत पाठवलं असतं. जा, पण अहवालात लिही.’

शुक्रवार, ११ मे

झालं! झालं!

उजाडताच बाबा आणि मी गेलो. वर्तमानपत्रात गुंडाळलेली यांगोनाच्या मुळांची जुडी बाबांनी चटईवर पुढे ठेवली. आम्ही दोघं खाली बसलेलो, मान खाली. बाबा माझ्या वतीने बोलले – ही माझी, इनोकेची मुलगी, काल चुकली, तुमच्या माळ्यावर चढायची परवानगी मागते आहे. ओसेआ आजोबांनी जुडीला हात लावला, रीतीप्रमाणे टाळ्या वाजवून ती स्वीकारली. किल्ली त्यांच्या खिशातच होती!

‘आजोबा, मग काल का नाही सांगितलंत?’

‘काल कोण आलं होतं? एक कागद आला होता. कागदाला मी काय सांगू?’

माळ्यावर जुन्या चटईत गुंडाळलेली चौकट. सगळी. दोन्ही झडपा, बिजागऱ्या, खिळेसुद्धा एका डब्यात. कुठला तुकडा कुठे लागतो ते कळावं म्हणून प्रत्येकावर खाचा – एक, दोन, तीन. अक्षर एकही नाही, पण मी ती चौकट आज जोडू शकेन.

आणि खूण! मला वाटलं होतं, ती सुताराची ऐट. बाबा म्हणाले, ‘नव्या लाकडावरच करतो मी ती. पुढे कुणी बघेल त्याला हे जुनं वाटायला नको. फसवल्यासारखं होतं.’

मी त्यांना आमच्या पुस्तकातलं सातवं कलम वाचून दाखवलं – नवीन काम नवीन म्हणून ओळखता आलं पाहिजे.

‘हे सांगायला पुस्तक लागलं?’

रिकामा रकाना भरला. ‘बदल कोणी केला’ – इनोके, सुतार, माझे वडील. मॅडमनी दोन्हींवर सही केली, खिडकीवर आणि रॅम्पवर. अट एकच: जुन्या खांबांना खिळा मारायचा नाही.

देवा, तुझे आभार. मॅडमचे आभार. ओसेआ आजोबांचे, त्यांनी मला दारातून परत पाठवलं त्याचेही.

बुधवार, २३ मे

रॅम्पचं काम बाबांनाच मिळालं. यादीतलं दुसरं नाव!

शनिवार, २ जून

रॅम्प आज खुला झाला. पहिली बू लावेनिया चढली, एका हातात काठी, दुसरा कठड्यावर. ‘आता आत बसून ओरडेन,’ म्हणाली.

तिच्यामागून आई. आईला आता फक्त सावल्या दिसतात, म्हणून मी हात धरायला गेले. ‘सोड गं.’ एकटीच आत गेली. वाटेत कुठे चाचपलं नाही. थेट त्या खिडकीपाशी जाऊन चटईवर बसली आणि डावं कोपर बाजूला टाकलं, न बघता. खिडकीच्या खालच्या फळीवर ते बरोबर टेकलं.

‘जागाच तिची ती,’ बू लावेनिया मला म्हणाली. ‘तू पहिलीत गेलीस ना, त्या वादळाच्या साली तिला घरातल्या उजेडात विणायच्या पाती दिसेनाशा झाल्या. तुझ्या शाळेच्या फीसाठी विकलेल्या सगळ्या चटया तिने इथे बसून विणल्या. तुला नाही सांगितलं कुणी?’

मी बाबांकडे बघितलं. ते बाहेर पाठ करून कठड्याला रंधा मारत होते. कठड्यावर रंधा मारण्यासारखं काही उरलं नव्हतं.