सातवा गडी

११ ऑक्टोबर २००१, गुरुवार
कालिन जातोय. स्पेनला! भरलेल्या मिरच्या वाढत होते, तेव्हा बोलला. डाव हातात तसाच राहिला. येत्या शनिवारी नाही, त्याच्या पुढच्या शनिवारची बस. तिकडं बांधकामावर काम मिळालंय. स्वेतला महिन्याभरानं जाईल नवऱ्याकडं.
स्तामेननं हातातला पाव खाली ठेवला. एकुलता एक मुलगा देश सोडून चाललाय, आणि बाप म्हणतो काय – "बसच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी मॅच आहे."
"बाबा, मिल बंद पडली. गाव उठलं. फुटबॉल खेळायचा कुणासाठी?"
"युनाकसाठी. आपल्या क्लबसाठी."
मिरच्या गार झाल्या.

१३ ऑक्टोबर
स्तामेन दारोदार हिंडून आला. निम्मं गाव स्पेनमध्ये, उरलेलं निम्मं म्हातारं. कालिनला धरून कसेबसे सात होतात. सातांहून कमी झाले की मॅचच होत नाही.
"सातवा मी," म्हणाला. छप्पन्नाव्या वर्षी! मी हसले. तो हसला नाही.

१६ ऑक्टोबर
या क्लबनं माझं आयुष्य खाल्लं, असं मी म्हणते. पण दिलंही त्यानंच.
सव्वीस साली शिंप्या-चांभारांनी काढला, तेव्हाही युनाकच होता. पुढं कम्युनिस्ट पार्टीला ते नाव खुपलं. मग 'लाल चाती'. मी मिलमध्ये सूत काढायला लागले ते त्याच नावाच्या दिवसांत. मग पार्टी गेली आणि मिल विकत घेणारा, गळ्यात सोन्याची साखळी घातलेला तो मालक आला, त्यानं क्लबला आपल्या कंपनीचं नाव चिकटवलं. मशिनं भंगारात घालून तो पसार झाला – तेव्हा स्तामेननं शिडी लावली आणि फाटकावर पुन्हा 'युनाक' रंगवलं. अक्षरं वाकडी आली. अजून तशीच आहेत.
शहात्तर साली कपच्या सामन्याला राजधानीतला, सोफियाचा बडा संघ आमच्याकडं आला होता. झाडांवर माणसं चढली होती! आम्ही एक-शून्यनं पुढं, आणि शेवटच्या मिनिटाला त्यांना पेनल्टी. स्तामेननं अडवली. त्याच संध्याकाळी, चिखलानं माखलेला, माझ्यापुढं येऊन उभा राहिला – "नेदा, आज मला गावात कुणी नाही म्हणणार नाही. तूही म्हणू नकोस."
मी कुठली म्हणतेय!

२० ऑक्टोबर
गेला.
दारात पाणी ओतलं, वाट पाण्यासारखी सुरळीत जावो म्हणून. बस मैदानाच्या कडेनं गेली. स्तामेन आत चुन्याच्या रेघा मारत होता. त्यानं मान वर केली नाही.

२१ ऑक्टोबर, रविवार
लिहवत नाही, पण लिहिते.
सातच जण उतरले. गोलमध्ये स्तामेन. आम्ही बायका सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलो होतो. समोर विशी-बाविशीची पोरं. बघता बघता पाच गोल चढले. पण सहावा त्यानं अडवला! डावीकडं झेप घेऊन – अगदी शहात्तरसारखी! शेजारची पेना आजी उठून ओरडली, "अरे म्हाताऱ्या, हाडं मोजून घे!" सगळे हसले. मीही.
तो उठलाच नाही. गुडघा.
रेफरी पोरगेलासाच होता. वाकून हळूच म्हणाला, "काका, सहाच उरलात तुम्ही."
"उभा राहतो मी. नुसता उभा राहतो, खांबाला धरून. मला मोज."
पोरानं इकडंतिकडं पाहिलं. मग मॅच संपवणारी शिट्टी वाजवली. पुढच्या वेळी सातवा आणायला गावात कुणी उरलंच नव्हतं. पंच्याहत्तर वर्षांचा क्लब – एका शिट्टीत संपला.
मी धावत गेले. माझा हात धरून म्हणाला, "कालिन असता, तर मी पडलो तरी सात उरले असते."
मी बूट काढला त्याचा.

२५ ऑक्टोबर
मैदानाच्या फाटकावर कुणीतरी मरणाचा कागद चिकटवलाय. माणूस गेल्यावर गावभर लावतात तसाच, काळ्या चौकटीचा. 'आमचा लाडका युनाक, १९२७–२००१.'
स्तामेन काठी टेकत गेला. वाटलं, फाडणार आता. त्यानं खिशातून पेन काढलं आणि सत्तावीसचं सव्वीस केलं.
घरी येऊन रडला. त्याची आई गेली तेव्हाही रडला नव्हता.

३ डिसेंबर
संघ नाही, तरी रोज जातो. लंगडत. आज गोलपुढचा बर्फ काढून आला. कुणासाठी? – विचारलं नाही.

१७ जानेवारी २००२
कालिनचा फोन. स्वेतलाला दिवस गेलेत!! "आई, तुम्ही दोघं या ना इकडं. तिला एकटीला जमायचं नाही. बाबांना दे जरा."
मी फोन पुढं केला. स्तामेन पुटपुटला, "सांग, मैदानावर गेलाय." माझ्यासमोर उभा राहून!
कालिनला ऐकू गेलं. "बरं," म्हणाला. एवढंच.

९ फेब्रुवारी
आज मागितलं. लग्नानंतर पहिल्यांदा काही मागितलं मी त्याच्याकडं.
"चल माझ्याबरोबर. नातवंड होईपर्यंत तरी."
"आता गवत पेरलं नाही, तर मैदान हातचं जाईल."
"आणि मी गेले तर?"
हसला. "तू कुठं जातेस!"
चिडला असता तर बरं वाटलं असतं.

२ मार्च
स्पेनच्या बसमध्ये लिहितेय. सर्बिया लागला. थांब्यावर आला होता स्तामेन. बॅग त्यानंच वर चढवली. शेजारची जागा रिकामी आहे. तिकिटं मी दोन काढली होती.