घारकड्यावरचा खडा

५ ऑगस्ट, श्रावणी सोमवार
घारकड्यावर रखवालदार म्हणून रुजू झालो. सोयगावच्या बाजूला याहून उंच शिखर नाही. पायथ्याला पत्र्याची खोली, समोर पाण्याची टाकी. एकोणपन्नासाव्या वर्षी नोकरी मिळाली, देवाची कृपा. अठरा तारखेला बायको सारजाही फुलंब्रीहून राहायला येईल. टपरीवाल्या मल्हाररावानं चहा पाजला. म्हणाला, "शहरातली पोरं फोटोसाठी चढतात, तुम्ही पगारासाठी चढा. देवासाठी चढणारं कुणी राह्यलं नाय!" हसलो दोघं.

६ ऑगस्ट
शिखरावर पोरांनी फोटोसाठी दगडांच्या उतरंडी रचल्यात. त्यांत एक काळा, गुळगुळीत दगड दिसला, अगदी पिंडीसारखा. श्रावणात महादेव असा पायदळी बघवेना. उपरण्यात बांधून आणला, खोलीत पाटावर मांडला, पाणी घालून बेल वाहिला. मल्हाररावानं टपरीतून पाहिलं. मग चहा गाळायला वळला.

११ ऑगस्ट
रविवार, वर गर्दी. दिवसभर शिखरावरच होतो. नंतर चढून आलेल्या एका पोरानं विचारलं, काका, खाली पाणी दिलंत आणि आमच्या आधी वर कसे? उतरलो तर कुलूप जसंच्या तसं. आत पाटापासून खाटेपर्यंत ओली पावलं.

१४ ऑगस्ट
मल्हाररावाची आई बानाबाई दाराशी आली. पाट पाहून उंबरठ्यावरच थांबली. तिचा नवरा कडूबा बारा वर्षांपूर्वी माणसांना वाट दाखवताना कड्यावरून पडला. प्रेत सापडलं नाही, पळसाचा पुतळा जाळला. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. घरी यायचं म्हणून कडूबा अडून बसला. शेवटी त्याचा जीवखडा, मेलेल्याचा जीव ज्यात धरतात तो दगड, शिखरावर नेऊन ठेवला. तो हाच.
"तुम्ही त्याला न्हाऊ घातलं, भाऊ. घरात घेतलं. आता सोडतो व्हय तो?"
मल्हाररावाला विचारलं, पाहिलं होतंस तर बोलला का नाहीस? मान खाली घालून म्हणाला, बारा वर्षं आमचं दार वाजायचं. सहा तारखेपासून आई झोपती. त्यानं चहा पुढं केला. मी घेतला नाही.

१७ ऑगस्ट
सारजाला फोन केला, येऊ नको म्हणून. ती हसली. सकाळीच तर लवकर ये म्हणालात, किती दिवसांनी इतकं गोड बोललात—
सकाळी मी फोन केला नव्हता.

१८ ऑगस्ट
उजाडताच खडा वर आणून ठेवला. धुकं. उतरलो— पुन्हा शिखरच. तीनदा उतरलो. तीनदा इथंच. रेंज नाही. वही तेवढी खिशात.

धुकं फाटलं. खाली सारजा. डोक्यावर गाठोडं.

खोलीचं दार उघडलं. माझा सदरा घालून— चालही माझीच—

तिचं गाठोडं उतरवून घेतलं त्यानं. मी ओरडतोय. तिनं एकदा वर पाहिलं. त्यानं काहीतरी सांगितलं. तिनं डोंगराला हात जोडले—

सारजा, आत नको—

चपला काढतेय—