ठिपक्यांचा निकाल आणि दुधाचा चहा

तीर्थरूप आई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून आधी हेच सांगतो: तुझ्या सुनेला कॅन्सर नाही. आता बाकीचं सावकाश वाच. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून पत्र.

छातीच्या फोटोत, म्हणजे त्या मॅमोग्राफीत, दिसलेले पांढरे ठिपके कॅल्शियमचेच कण होते. इथे शहरातल्या हॉस्पिटलात फोटो मोठा करून पुन्हा काढला. बरेच कण गोल, विखुरलेले. त्यांची काळजी नव्हती. एका जागी मात्र बारीक कण दाटीने बसले होते, म्हणून तिथला नमुना सुईने घेतला. निकाल येईपर्यंत माझं नामस्मरण जरा मोठ्यानेच चाललं होतं. ही म्हणाली, "अहो, हळू! देवाला ऐकू येतं, तो काही सासूबाई नाही." रागावू नकोस.

आज डॉक्टरबाईंनी निकाल सांगितला. हिने एवढंच विचारलं, "मग मी दूध पिऊ?" त्यांना कळेना. मी सांगितलं, कॅल्शियमच्या भीतीने आईने हिचं दूध बंद केलंय आणि हिच्यासाठी सगळं घर कोरा चहा पितंय. त्या हसत म्हणाल्या, "खाण्यापिण्यातल्या कॅल्शियमचा याच्याशी काही संबंध नाही."

हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये हिने लागोपाठ दोन कप दुधाचा चहा घेतला. सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढायचा आहे. तोही देव निभावून नेईल.

तुझे गुडघे कसे आहेत? आता चहात दूध घाल. तुला कोरा चहा मुळीच आवडत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

तुझ्या आशीर्वादावर उभा असलेला,
थोरला