मनगटावरून गेलेलं उत्तर

प्रिय खडूस,

तुझा फोन लागत नाही म्हणून कागद घेतला. म्हणजे फोन चालू आहे, फक्त माझ्यासाठी बंद आहे, ते कळलं मला. एरवी मी पेटलो असतो, दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून लावून भांडलो असतो. या वेळी भांडायला तोंड नाही. अक्षर लागणार नाही, माहीत आहे. माझी जर्नलं तूच पुरी करायचीस, त्यामुळे हाताला वळण असं लागलंच नाही. तरी एवढं शेवटपर्यंत वाच. त्या दुपारी तुझ्या मेसेजला माझ्याकडून जे आलं ते कसं आलं, तेवढंच सांगायचंय. पण त्यासाठी तुला आधी माझं दुकान दाखवावं लागेल, नाहीतर तुझा विश्वास बसायचा नाही. दुसऱ्या कुणी हे मला सांगितलं असतं, तर मी म्हटलं असतं, थापा मारू नकोस.

कॉलेज सोडलं त्या दिवशीचं सगळं तुला माहीत आहे. प्रॅक्टिकलच्या सरांनी चारचौघांत माझ्या बापाचा उद्धार केला आणि मी ओळखपत्र त्यांच्या टेबलावर आपटून बाहेर आलो. तू जिन्यात गाठून म्हणालीस, जा, माफी माग, वर्ष वाचेल. मी म्हटलं, तूही त्यांच्यातलीच. तू म्हणालीस, डोकं ठिकाणावर आलं की ये. खरं सांगू? डोकं तसं लवकर ठिकाणावर आलं होतं. पाय निघाले नाहीत. आज जाऊ, उद्या जाऊ, तिनेच का नाही विचारलं, असं करता करता मी एका खोलीत राहायला आलो आणि तुला माझा पत्ताही कळवला नाही. खोलीत खाट, एक खिडकी आणि खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. शेजारच्या खोलीतला माणूस संध्याकाळी फोनवर बोलताना फार हसतो. मी मधल्या भिंतीला पाठ लावून बसतो. काय बोलतो ते कळत नाही, हसणं तेवढं पाठीला लागतं.

दुकान मोबाईलचं आहे, पण माझ्याकडे काउंटर मनगटाचं. डाव्या हाताला फिटनेसचा पट्टा, उजव्या हाताला स्मार्ट घड्याळ, दोन्ही दुकानाची, दाखवायला ठेवलेली. लोक येतात आणि सगळे एकच विचारतात, यातलं काय घेऊ? सुरुवातीला मी त्यांना बॅटरी, पाणी, काच असलं सगळं घडाघडा सांगायचो आणि ते जांभया द्यायचे. मग मला माझं वाक्य सापडलं. स्वतःची खबर हवी असेल तर पट्टा घ्या, जगाची हवी असेल तर घड्याळ. पट्टा किती चाललात, किती झोपलात, ठोके किती पडतात ते सांगतो आणि गप्प बसतो. मेसेज आला तर आला एवढंच दाखवतो. घड्याळावर वाचता येतं, फोन घेता येतो आणि बोटाने दाबून उत्तरही देता येतं, पण ते तान्ह्या बाळासारखं आहे, रोज पाजावं लागतं. लोक हसतात. मालक म्हणाले, जीभ बरी चालते रे तुझी, कॉलेजात का नाही चालली? मी ड्रॉवर जरा जोरात लावला, एवढंच.

अडचण अशी होती की घड्याळ दाखवायचं तर त्यावर काहीतरी यायला हवं ना! आणि मला कोण मेसेज करणार? गिऱ्हाईक माझ्या मनगटाकडे बघत उभं, मी म्हणतोय आत्ता येईल, आत्ता येईल, आणि काही म्हणजे काही येत नाही. एकदा मालक सगळ्यांदेखत म्हणाले, अरे, तुला जगात विचारणारं कुणी आहे की नाही? त्या दिवशी काचेच्या शोकेसला तडा गेला, त्याचे पैसे पगारातून गेले. मग कॅशवरच्या मावशींनी तोड काढली. दुकानाचा एक जुना फोन त्यांच्या गल्ल्याशेजारी असतो. मी कान खाजवला की त्या त्यावरून मला मेसेज टाकायच्या. मावशी म्हणजे इरसाल. जेवलास का, येताना साबण आण, किती उशीर रे, असलं एकेक. मालक म्हणाले, नुसता नंबर दिसू देऊ नकोस, घरातलं एखादं नाव टाक, गिऱ्हाइकाला आपलंसं वाटतं. मी त्या फोनचा नंबर तुझ्या नावाखाली घातला. तुझा नंबर होताच, त्याच्याखाली हा दुसरा. मावशी असं नाव घालता आलं असतं. नाही घातलं.

तेव्हापासून दिवसभर माझ्या उजव्या मनगटावर ‘खडूस’ उजळायचं आणि विचारायचं, जेवलास का? दहा पावलांवर मावशी पेनाचं टोपण चावत बसलेल्या मला दिसत असायच्या. तरी काय व्हायचं माहितीये? डाव्या हातातल्या पट्ट्यावरचा ठोक्यांचा आकडा टुणकन वर जायचा. दर वेळी. गिऱ्हाइकं खूश! बघा बघा, किती अचूक आहे, लगेच वाढले ठोके! त्यावर मी किती पट्टे विकले असतील देव जाणे. मावशींच्या लक्षात आलं होतं ते. त्या मला एकदा म्हणाल्या, लेका, ज्या पोरीच्या नावाने मी तुला साबण आणायला सांगते, तिला तू स्वतः एकदा विचार की, कशी आहेस म्हणून. मी म्हटलं, मावशी, तुम्ही तुमचा गल्ला बघा.

आता जे सांगतोय ते तुला माहीत नसेल. काकू दुकानात आल्या होत्या. तुझी आई. दुपारची वेळ, दुकान रिकामं. मी मान वर केली तर काउंटरसमोर पर्स छातीशी धरून उभ्या, आणि अगदी गंभीर चेहरा करून मला म्हणतात, अहो दादा, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, पट्टा घेऊ की घड्याळ? मला हसावं की पळावं कळेना. तुम्ही इथे कशा, विचारलं, तर म्हणाल्या, गिऱ्हाइकाला असं विचारतात का, मालकांना सांगीन हं. मी त्यांना सगळं नीट दाखवलं, माझं वाक्यही टाकलं. त्यावर म्हणाल्या, जगाची खबर घेऊन काय करू रे? चालायला निघायचं आणि कोपऱ्याकोपऱ्यावर हात वर करून बघत उभं राहायचं, लोक म्हणतील हिला कुणी तरी सोडून गेलंय. पट्टाच दे. निळा नको, तुझी मैत्रीण म्हणेल तरुण व्हायला निघालीस. मग घेतला निळाच. मी त्यांच्या मनगटावर बांधून दिला. मनगट फार बारीक झालं होतं गं. अगदी शेवटचं छिद्र लागलं. मला तेव्हाच विचारायला हवं होतं. मी विचारलं, पट्टा रुतत नाही ना?

आणि तेवढ्यात, माझ्या दुर्दैवाने म्हण की काय म्हण, मी कान खाजवला असेन. सवयीने. उजवं मनगट थरथरलं. खडूस. जेवलास का?

काकूंनी ते वाचलं. तुझं ते नाव त्यांना माहीत होतंच, खालून जिन्यात ओरडायचो मी. त्यांचा चेहरा बघायला हवा होतास. माझ्या गालावर हलकीच चापट मारून म्हणाल्या, लबाडांनो, मला घरात एक अक्षर बोलत नाही ती. बरं झालं, बरं झालं, मी विचारलं म्हणून सांगू नकोस हं तिला. माझ्या तोंडाशी आलं होतं, काकू, ती नाही हो ही, ह्या मावशी. पण त्या इतक्या हलक्या होऊन पायऱ्या उतरत होत्या की मी तसाच उभा राहिलो. खोटं बोललो नाही, खरं सांगितलं नाही. मला वाटलं होतं, तू येशील किंवा मी येईन, आणि ते आपोआपच खरं होईल.

आता ती दुपार. एक वयस्कर गृहस्थ आले होते. मुलाने घड्याळ घ्यायला पाठवलेले, यांच्या मनात घ्यायचं नाही. चष्मा घरी विसरलेले. आजोबा म्हणत होते, फोन खिशात असताना त्याची शेपूट हाताला कशाला बांधायची? मी कान खाजवला. लगेच घड्याळ थरथरलं, तुझं नाव. मी मनगट त्यांच्याकडे वळवून धरलं, म्हणजे अक्षरं त्यांच्या बाजूला, मला उलटी. मी वाचलंच नाही. मला वाटलं साबण असेल. म्हटलं, आजोबा, आता गंमत बघा, लिहायचं नाही, फोन काढायचा नाही, खाली तयार उत्तरं आहेत, त्यातलं एक दाबा. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, हा अंगठा बरा आहे, मला एवढं एकच दिसतंय. आणि दाबला. गेलं? गेलं. आजोबा एवढे खूश झाले की नवं घड्याळ तिथल्या तिथे बांधून गेले. त्यांच्यामागोमाग मनगट पुन्हा थरथरलं, मावशींचा मेसेज आला, किती उशीर रे. मला वाटलं, आज मावशींनी दोनदा टाकला.

फोनवर का नाही बघितलं, असं तू विचारशील. फोन दुकानात ड्रॉवरमध्ये असतो, आणि खोलीवर गेल्यावर तुझ्या नावाने भरलेला तो पडदा मला उघडवत नाही. दिवसभर चालतं, घरी नाही चालत.

त्यानंतर आठवडा उलटून गेला. मग मालकांनी दाखवायचं ते घड्याळ स्वस्तात काढलं, आणि द्यायच्या आधी त्यातले मेसेज पुसायला मी बसलो. पुसायच्या आधी सहज वर सरकवत गेलो. साबण, उशीर, जेवलास का, या सगळ्यांच्या पलीकडे, वेगळा, एकटाच, तुझा मेसेज. आणि त्याच्याखाली अंगठा.

मी आधी मावशींवर धावून गेलो. मला वाटलं, त्यांनीच थट्टा केली. असली थट्टा करतात का म्हणून सगळ्या दुकानासमोर ओरडलो. मावशींनी माझ्या हातातून घड्याळ घेतलं, वाचलं आणि नुसत्या म्हणाल्या, अरे, मी असं लिहीन का? मग त्यांनी गल्ला उघडाच टाकला, मला पाणी दिलं आणि माझी चप्पल माझ्यासमोर आणून ठेवली. मी धावत तुझ्या घरी आलो. कुलूप. समोरच्या दारातल्या आजी म्हणाल्या, तिला तिच्या मामांनी नेलं. कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही. माझ्याकडे त्यांनी जसं बघितलं, त्यावरून कळलं की अंगठ्याचं त्यांनाही माहीत आहे. खूप हातापाया पडल्यावर म्हणाल्या, चिठ्ठी दे हवी तर, पोचवीन. ही ती चिठ्ठी.

तू लिहिलं होतंस, ‘आई आज पहाटे गेली. शेवटपर्यंत म्हणत होती, तुम्ही बोलता ना, मग त्याला बोलाव. आपण बोलतो असं तिला का वाटत होतं, मला माहीत नाही. पण तिने सांगितलं म्हणून बोलावते आहे.’ आता तुला का ते माहीत झालं. त्यांच्या समोर उजळलेलं तुझं नाव खोटं होतं, पण त्यांना झालेला आनंद खरा होता, तो मी डोळ्यांनी पाहिलाय, आणि तो तुला न सांगता माझ्याजवळ ठेवणं मला जमेना. माझ्यावर राग धर, तो तुझा हक्क आहे. फक्त त्या दिवसाची आठवण काढशील तेव्हा तो अंगठा त्यात ठेवू नकोस. तो एका चष्मा विसरलेल्या म्हाताऱ्याचा होता, त्यांना बिचाऱ्यांना कुणी गेलंय हे ठाऊकही नाही. माझं उत्तर अजून तुला मिळालेलंच नाही, ते देण्यासाठी हे सगळं लिहिलं. तो मेसेज मी वाचला असता तर सांत्वन वगैरे काही मला सुचलं नसतं. मी एकच शब्द लिहिला असता, निघालो. तेच आता लिहितोय. निघालो. तू कुठे आहेस, तेवढं सांग.

तुझाच,
काडेपेटी