कुरण वाचवण्यासाठी एम.एस्सी.

९ जानेवारी, सकाळी साडेनऊ
पाणीमंडळाचं पत्र आलं. गावाची माती वाळून खचते आहे, म्हणून एक कुरण कायमचं पाण्याखाली ठेवणार. कोणाचं, ते ठरायचंय. त्यांच्या नकाशात आमचं सगळ्यात खोल, म्हणून पहिला नंबर आमचा. साफ चूक. एकेचाळीस वर्षं मी पंपघर सांभाळलं. पण तंत्रशाळेची दोन वर्षं शिकलेल्या म्हाताऱ्याचं कोण ऐकतो? निर्णय: अवकाशीय विश्लेषणात, म्हणजे जमीन-नकाशांच्या शास्त्रात, एम.एस्सी. करायची. नकाशाला नकाशानेच उत्तर. हरकतीची मुदत १५ फेब्रुवारी. भरपूर वेळ आहे.

१० जानेवारी
फुल-टाइम केली तर एक वर्ष, पार्ट-टाइम दोन. फुल-टाइमच. वय एकाहत्तर, रेंगाळून चालणार नाही. हिस्के म्हणाली, "अरे, मुदत पाच आठवड्यांची आणि डिग्री वर्षाची. तोवर कुरणात मेंढ्या असतील की बेडूक?" चाळीस वर्षांचा संसार, पण बायकोला दूरचं दिसत नाही.

१३ जानेवारी
झोप नाही. फुल-टाइम म्हणजे रोज सायकल, मग बस, मग आगगाडी. गुडघा. पार्ट-टाइम बरं.

१८ जानेवारी
विद्यापीठाचा ओपन डे. कापडी पिशवी मिळाली, दोन पेनं. दारातल्या मुलीने विचारलं, "आजोबा, नातू कुठे राहिला?" म्हटलं, नातू नाही, मीच. तिने लगेच खुर्ची दिली. शिकवणं सगळं इंग्रजीतून. आपल्याच देशात! प्राध्यापकबाई म्हणाल्या, आधी पदवी लागते. मी पाणीपातळीच्या माझ्या एकेचाळीस वह्यांबद्दल सांगितलं. म्हणाल्या, "फारच इंटरेस्टिंग." म्हणजे प्रवेश जवळजवळ झालाच. अर्ज तिथेच भरला. फुल-टाइम की पार्ट-टाइम, तो रकाना तूर्त मोकळा ठेवला.

२२ जानेवारी
इंग्रजी सुरू. धडा पहिला: माय नेम इज वीब्रेन. हे येतच होतं. प्रगती चांगली. दुपारी डोळा लागला.

२९ जानेवारी
गावच्या सभागृहात मंडळाची बैठक. हिस्केला सर्दी, एकटाच गेलो. कॉफी, एक बिस्किट, मग डबा बंद. टेबलावर गावाचा मोठा नकाशा. प्रत्येकाला लाल टिकल्यांचा कागद. जिथे पाणी नको तिथे टिकली चिकटवायची. शेजारी गॉसे सगळ्यांच्या पुढे. त्याच्या बायकोने एकटीने सात लावल्या. त्यांच्या कुरणाला गोवर आल्यासारखं दिसत होतं. मला म्हणाला, "वीब्रेन, लाव की रे एक! टिकलीला डिग्री लागत नाही." मी म्हणालो, हा बालवाडीचा खेळ आहे, मी पुराव्यानिशी बोलेन. नकाशावरचा उत्तरेचा बाण किंचित कलला होता, तो मंडळाच्या बाईंना दाखवला. त्यांनी लिहून घेतलं! टिकल्यांचं हिस्केला सांगितलं नाही. तिला आधीच ताप.

१४ फेब्रुवारी, दुपार
हरकतीचं पत्र लिहायला बसलो. "मी, वीब्रेन, अवकाशीय विश्लेषणाचा विद्यार्थी" इथे अडलो. फुल-टाइम की पार्ट-टाइम? सरकारी कागदावर खोटं नको. विद्यापीठाचं उत्तर येऊ दे. दोन-चार दिवसांनी मंडळाला काय फरक पडतो?

१५ फेब्रुवारी
हिस्केने विचारलं, पत्र टाकलंस? म्हटलं, तयार आहे. तयारच आहे, एक ओळ सोडून.

१९ फेब्रुवारी
विद्यापीठाचं उत्तर. पदवी नसल्याने प्रवेश नाही; फुलही नाही, पार्टही नाही. पण गुरुवारी दुपारी सर्वांसाठी व्याख्यानं असतात, जरूर यावं. म्हणजे दार बंद नाही. पत्रातला "विद्यार्थी" खोडून "अभ्यासक" केला आणि टाकलं.

१२ मार्च
मंडळाचा निकाल. पत्र उशिरा पोचलं, विचारात घेता येत नाही. मात्र त्यांनी जमीन स्वतःहून पुन्हा मोजली. आमचं कुरण सर्वांत खोल नाही, गॉसेचं आहे. मी बरोबर होतो! लेखी! हिस्केला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पान उलट."
उलटलं. खोलीत फरक चार सेंटिमीटरांचा, म्हणून लोकांचं मत पाहिलं. टिकल्यांचा नकाशा जोडला आहे. गाव सगळं लाल, आमचं कुरण पांढरं. "विरोध शून्य, म्हणून पाणी इथे."
तिने विचारलं, "टिकल्या कसल्या?" सांगावं लागलं. ती उठून मेंढ्यांकडे गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.
उत्तरेचा बाण मात्र सरळ केलाय.

२ एप्रिल
मोजणीदार आले. म्हणाले, "आजोबा, जरा काठी सरळ धरता?" धरली. पाणी गुडघ्याच्या वर येणार. मेंढ्यांसाठी हिस्केनेच गॉसेला विचारलं. माझी हिंमत नव्हती. तो कुंपणापाशी आला, त्याने नऊच्या नऊ मेंढ्या मोजून आत घेतल्या आणि फाटक लावलं. म्हणाला, "राहू देत रे. तुझं शिक्षण होईपर्यंत."